लसूण लागतो का?

एवेन्सिओ मॉन्काडा याची जीभ सरकारी होती. बाकीचा एवेन्सिओ खासगी होता. पोट, पाठदुखी, बायको आउरिस्तेला आणि आकारीग्वाच्या मंडईमागचे दोन खोल्यांचे घर ही सर्वस्वी त्याची स्वतःची जबाबदारी होती. पण सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात त्याच्या तोंडात जे काही हालत असे, ते प्रजासत्ताकाच्या वतीने हालत असे.

हे पद निर्माण होण्यास कारण असे की सरकारने पांढऱ्या तांदळाचा न्याय्य दर ठरवून दिला होता. हा दर इतका न्याय्य होता की त्यात गिरणीवाल्याला साळीचाही खर्च निघत नसे. मात्र कायद्यात 'पांढरा तांदूळ' एवढेच शब्द होते. तेव्हा गिरण्यांनी तांदळाला लसणाची पूड लावली, पिशवीवर 'स्वादयुक्त तांदूळ' असे छापले आणि तो तांदूळ न्यायाच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवला. लोक तो विकत घेत, घरी नेऊन तीन पाण्यांनी धूत, आणि लसूण मोरीत सोडून पांढरा तांदूळ शिजवत. कोणाचीच तक्रार नव्हती. सरकारची मात्र होती. तांदळाला स्वाद खरोखर आहे की गिरणीवाले नुसते छापतात, हे कोणी तरी चाखून सांगायला हवे होते. आकारीग्वाच्या न्याय्य दर कचेरीत ते काम एवेन्सिओकडे आले.

त्याची निवड वशिल्याने झाली नव्हती, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. कारण त्या कचेरीत अशी दुसरी निवड सापडणे कठीण होते. बिस्कुकुईच्या डोंगरात, कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेत, एवेन्सिओने बावीस वर्षे कॉफी चाखली होती. घोट जिभेवर फिरवून तो डोंगराचा उतार सांगे, पाऊस लवकर आला की उशिरा ते सांगे, आणि बिया वाळवताना कोणी आळस केला तेही सांगे. पुढे कॉफीलाही न्याय्य दर लागला. त्यानंतर चाखायला कॉफी उरली नाही, चाखणारा तेवढा उरला. सरकारने त्याला वाऱ्यावर सोडले नाही, खाली मैदानात आणून तांदळावर बसवले. एवेन्सिओने हे उपकार मानले. तो क्रांतीचा लाल सदरा घाली तो सक्तीने नव्हे. इस्त्री करून, कॉलर ताठ ठेवून घाली. गरिबाच्या ताटातला भात स्वस्त असावा, यात चुकीचे काय आहे, असे तो विचारी, आणि या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे आपलेच बरोबर आहे असे समजे.

त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता: आपली जीभ कधी खोटे बोलली नाही. या अभिमानाची किंमत घरातल्यांनी मोजली होती. एका नाताळात सासूबाईंनी केळीच्या पानात बांधून उकडलेल्या, मांस-ऑलिव्ह भरलेल्या आयाका त्याच्यापुढे ठेवल्या आणि "कशा झाल्यात, जावईबापू?" असे विचारले. त्याने डोळे मिटून घास घोळवला आणि "ऑलिव्ह मागच्या वर्षीचे आहेत," असे सांगितले. ऑलिव्ह खरोखरच मागच्या वर्षीचे होते. सासूबाई पुढची दोन वर्षे त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी वारल्या.

"एवढं एक वाक्य गिळलं असतंस तर आईच्या शेवटच्या दिवसांत चार शब्द तरी ऐकले असतेस तिचे," आउरिस्तेला म्हणे.

"मला विचारलं होतं त्यांनी."

"विचारलं होतं. तुझी जीभ पाहायला मागितली नव्हती."

कचेरीतली पद्धत साधी होती. दर महिन्याला प्रत्येक गिरणीकडून एक पिशवी नमुना येई. एवेन्सिओ त्यातला वाटीभर तांदूळ मिठाविना शिजवी, चाखी, आणि 'स्वाद आहे' किंवा 'स्वाद नाही' असा निर्णय देई. उरलेली पिशवी परीक्षकाने घरी न्यायची, असा रिवाज होता. तो कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणूनच तो पाळला जात असे. त्या तांदळावर आउरिस्तेलाची खिडकी चाले. दुपारी बारा वाजता ती घराची रस्त्याकडची खिडकी उघडत असे, आणि गिरणीतले हमाल तिच्यासमोर उभे राहून जेवत: भात, काळा घेवडा, शिजवून सोडवलेले मांसाचे धागे आणि तळलेले पिकले केळे. मांस पुढे अधूनमधून येऊ लागले, मग त्याची फक्त आठवण येऊ लागली. पण भात होता तोवर ताट ताटासारखे दिसे.

अशा स्थितीत दूर कुठे तरी खनिज तेलाच्या पिंपाचा भाव पडू लागला.

पिंपाचा भाव आकारीग्वात कोणी पाहिलेला नव्हता. पिंपही पाहिलेले नव्हते. त्या गावात साळ पिकते, मका पिकतो, आणि उन्हाळ्यात आंबे रस्त्यावर पडून कुजतात. पण देशात जे काही परदेशातून येई, औषधापासून शिवणयंत्राच्या सुईपर्यंत, त्याची किंमत पिंप भरत असे. भाव शंभर डॉलरच्या घरात होता तोवर सरकारचे औदार्य अमर्याद होते. तो सत्तरावर आला तेव्हा रेडिओवर एका मंत्र्याने सांगितले की क्रांती पिंपावर उभी नाही, जनतेवर उभी आहे. तो पन्नासाखाली गेला तेव्हा जनतेला ते पटू लागले, कारण आपल्यावर काही तरी उभे आहे हे तिला जाणवत होते.

आकारीग्वात ही घसरण लसणाच्या वाटेने आली. डोंगरपट्ट्यातल्या लसणाला आदल्या वर्षीच न्याय्य दर लागला होता, आणि तो लसूण न्यायाला घाबरून सीमेपलीकडे कोलंबियात पळाला होता. राहिली परदेशी पूड. तिला डॉलर लागत, डॉलर सरकार वाटे, आणि आता वाटायला डॉलर नव्हते.

गावातली सर्वांत मोठी भातगिरणी रुज्जेरो बेल्लोमो यांची होती. गाव त्यांना आदराने डॉन रुज्जेरो म्हणे. त्यांचे वडील सिसिलीतून एक पेटी घेऊन आले होते, आणि ती पेटी अजून गिरणीच्या कचेरीत, आलेल्यांना दिसेल अशी ठेवलेली होती. त्या महिन्यात नमुना घेऊन ते स्वतः आले. एवेन्सिओने भात शिजवला, चमचाभर तोंडात घेतला, डोळे मिटले, उघडले.

"डॉन रुज्जेरो, यात लसूण नाही."

"आहे. थोडा आहे."

"थोडा म्हणजे किती?"

"गोदामात एक गड्डा टांगलाय. तांदूळ त्याच्या खालून जातो."

"खालून गेल्यावर चव कशी लागेल?"

"पूर्वी पंख्याने वारा लागायचा. आता वीज नसते, त्याला मी काय करू?"

एवेन्सिओने चमचा खाली ठेवला. "मला 'स्वाद नाही' म्हणावं लागेल."

"म्हण बाबा. मग हा पांढरा तांदूळ ठरला. मग न्याय्य दर आला. तो पण मान्य. फक्त एवढं सांग, गिरणीची किल्ली तुझ्या टेबलावर ठेवू की कॉम्रेड युराइमांच्या?"

कॉम्रेड युराइमा या कचेरीच्या प्रमुख. खिडकीशी बसून त्या नखांना लाल रंग लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "किल्ली इथे नको," त्या म्हणाल्या. "आधीच जागा नाही."

निर्णय दुपारपर्यंत तहकूब ठेवून एवेन्सिओ घरी जेवायला गेला. गिरणी बंद पडली तर हमाल जातील, हमाल गेले तर खिडकी बंद, नमुन्याची पिशवीही बंद. उलट, नसलेला लसूण आहे म्हटले तर बावीस अधिक दोन वर्षे सांभाळलेली जीभ एका शब्दात बाटेल. त्याने हे सगळे आउरिस्तेलाला सांगितले. तिने ऐकता ऐकता त्याच्या घेवड्यावर तेलात परतलेल्या लसणाच्या पाकळ्या टाकल्या. अशा गोष्टी तेव्हा घरात थोड्या फार शिल्लक होत्या.

"नियमात काय लिहिलंय?" तिने विचारले.

"परीक्षकाच्या जिभेस स्वाद जाणवला पाहिजे."

"तांदळात असला पाहिजे असं नाही लिहिलं?"

"नाही. जिभेस जाणवला पाहिजे."

"मग ती पाकळी नीट चावून खा, आणि चूळ न भरता जा."

"आउरिस्तेला, हे खोटं आहे."

"खोटं बोलायला कोण सांगतंय? आधी लसूण खा, मग खरं बोल."

एवेन्सिओने यावर बराच विचार केला. चार इयत्ता शिकलेल्या माणसाला अशा वेळी नुसते खोटे बोलून मोकळे होता येते. दोन वर्षे शेतकी महाविद्यालयात गेलेल्याला तत्त्व शोधावे लागते. तत्त्व सापडले. आपण काय जाणवले एवढेच सांगायचे. ते कोठून आले हे सांगणे जिभेचे काम नाही. तो कचेरीत परतला, भाताचा चमचा तोंडात घेतला, आणि लसूण जाणवला. इतका जाणवला की डोळ्यांत पाणी आले.

"स्वाद आहे," तो म्हणाला, आणि हे शंभर टक्के खरे होते.

कॉम्रेड युराइमांनी खिडकी उघडली.

पुढे हे दर महिन्याचे झाले. नमुन्याच्या दिवशी आउरिस्तेला त्याच्या खिशात रुमालाबरोबर एक पाकळी ठेवी. कोपऱ्यावर वळताना तो ती गालात धरी आणि कचेरीच्या पायरीवर चावत असे. त्या दिवशी टंकलेखिका आपले टेबल दाराकडे सरकवून घेत. पिंप चाळिसावर आले, लसूण मिळेनासा झाला, पाकळ्या लहान होत गेल्या, पण जिभेने प्रामाणिकपणा सोडला नाही. गिरणी चालू होती, हमाल जेवत होते, आणि आपण गालात काय धरतो हे फक्त आपल्याला आणि आपल्या बायकोला माहीत आहे, अशी एवेन्सिओची समजूत होती.

डिसेंबरात संसदेच्या निवडणुका आल्या. निवडणुकीच्या आधी सरकारला एक विजय हवा होता, आणि तेलाच्या आघाडीवर तो मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा तांदळाच्या आघाडीवर मिळवायचे ठरले. राजधानी काराकासहून एक उपमंत्री आले. त्यांच्या जाकिटाला अकरा खिसे होते आणि एकाही खिशात काही नव्हते. गावच्या चौकात मांडव घालून, लोकांदेखत, डॉन रुज्जेरोंच्या तांदळाची परीक्षा करायचे ठरले.

त्या दिवशी सकाळी कॉम्रेड युराइमा घरी आल्या. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "एवेन्सिओ, आज न्याहारीला लसूण नको हं."

एवेन्सिओच्या हातातली मक्याची भाकरी, अरेपा, हातातच राहिली. "कसला लसूण, कॉम्रेड?"

"अरे बाबा, आम्ही नाकं घरी ठेवून कामावर येतो का? आज चूळ भर. चांगली मिठाच्या पाण्याने भर, मीठ असेल तर. आज जिभेला जे लागेल तेच बोल. उपमंत्र्यांना आज खरं हवंय."

"आणि रोज?"

"रोजचं रोज पाहू."

त्या गेल्यावर आउरिस्तेला आतून म्हणाली, "आज सरकार खरं मागतंय म्हणजे कोणाचं तरी दुकान बसलं समज. गालात काही धरायचंय का? अजून दोन पाकळ्या आहेत."

एवेन्सिओ मोरीपाशी गेला. वर्षभर त्याने पाकळी चावून खरे सांगितले होते, आणि त्यातले खरेपण पाकळीबरोबरच लहान होत गेले आहे, हे त्याला आतून कळत होते. आज कोणतेही तत्त्व न शोधता खरे बोलण्याची संधी होती, आणि ती वरून आज्ञा म्हणून आली होती. असा योग त्याच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता. त्याने चूळ भरली.

मांडवात ढोल वाजत होता. एवेन्सिओने ध्वनिक्षेपकासमोर चमचा तोंडात घेतला. तांदूळ लागला, दुसरे काही लागले नाही. "स्वाद नाही," तो म्हणाला, आणि त्या दोन शब्दांवर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की क्षणभर त्यालाही वाटले, आपण काही तरी स्वस्त करून दाखवले. उपमंत्र्यांनी तिथल्या तिथे तांदूळ पांढरा असल्याचे आणि गिरणी जनतेची असल्याचे जाहीर केले. डॉन रुज्जेरोंना चौकशीसाठी जीपमध्ये बसवले. जाताना ते एवेन्सिओपाशी थांबले.

"तोंड छान धुतलंस," ते म्हणाले. दुसरे काहीही म्हणाले नाहीत. आठवड्याने सुटले तेव्हा वडिलांची पेटी घेऊन पनामाला निघून गेले, असे गावात कळले.

गोदामातला तांदूळ चौकातच न्याय्य दराने विकला. दंडावर शाईने क्रमांक घालून लोक रांगेत उभे राहिले. आउरिस्तेलाही राहिली. तिच्यापुढे सातजण उरले असताना तांदूळ संपला. ती दंड घासत घरी आली.

"जनतेचा विजय झाला म्हणे," ती म्हणाली. "किती किलो झाला?"

एवेन्सिओने तिच्या दंडावरची शाई पुसायला ओला फडका पुढे केला. त्या दिवशी त्याने खरे बोलून बायकोची खिडकी बंद केली होती. त्याला तसे करताना टाळ्या मिळाल्या होत्या, एवढाच काय तो सासूबाईंच्या वेळेपेक्षा फरक.

सरकार निवडणूक हरले. संसद हातची गेली, गिरणी तेवढी हाती राहिली. तिचे नाव 'विजयी लोंबी' असे ठेवण्यात आले आणि कर्नल पिरेला यांना तिच्यावर नेमण्यात आले. कर्नलांचा आजवरचा अनुभव घोड्यांच्या पागेचा होता. पण दाणा हा विषय दोन्हीकडे असल्यामुळे वरच्यांना अडचण वाटली नाही. पहिल्या महिन्यात गिरणीवर नवा लाल रंग चढला. दुसऱ्या महिन्यात न्याय्य दराने साळ आणायला एकही शेतकरी फिरकला नाही, म्हणून कर्नलांनी ती जादा दराने घेतली. तिसऱ्या महिन्यात, पिंप तिसाखाली गेलेले असताना, कर्नलांना एक शोध लागला. पांढरा तांदूळ न्याय्य दराने विकल्यास गिरणीवाल्याला साळीचाही खर्च निघत नाही. हा शोध त्यांनी शिक्का मारून काराकासला कळवला. काराकासने तो गुप्त ठरवला, आणि उत्तरादाखल आदेश दिला की 'विजयी लोंबी'ने यापुढे स्वादयुक्त तांदूळ काढावा. स्वाद लसणाचा असावा. लसणाबद्दल आदेशात काही नव्हते.

"कॉम्रेड मॉन्काडा," युराइमा म्हणाल्या, "शुक्रवारी गिरणीत जाऊन नमुना पास करून ये. तुझी जुनी पद्धत तुला माहीतच आहे."

"त्याला लसूण लागतो, कॉम्रेड."

"मग खा."

"कुठून खाऊ?"

"ते परीक्षकाच्या खासगी बाजूत येतं," कॉम्रेड युराइमा म्हणाल्या, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नव्हते.

गुरुवारी एवेन्सिओ सगळी मंडई फिरला. लसणाच्या जागी पालापाचोळा विकायला ठेवलेला होता, आणि तोही न्याय्य दराने नव्हता. घरी आला तेव्हा आउरिस्तेला उकडलेले युकाचे कंद सोलत होती. त्या महिन्यात रोज युका होती, त्याच्या आधीच्या महिन्यातही. खिडकीच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा होता, त्यात माती होती, आणि मातीतून चार हिरव्या पाती वर आल्या होत्या. त्या दोन पाकळ्या. आज्ञा झाली होती त्या सकाळी खिशात न गेलेल्या.

"ह्यातली एक उपटू?" त्याने विचारले.

"उपट की. मी अडवत नाही."

"शुक्रवार निभेल."

"निभेल. पुढच्या महिन्याच्या शुक्रवारी दुसरी उपट. मग तिसऱ्या महिन्याला माझं कानातलं चावून जा." तिने सुरी खाली ठेवली. "हे बघ एवेन्सिओ, मागे मीच तुला शिकवलं. खिडकी चालत होती म्हणून शिकवलं. आता खिडकी नाही, पिशवी नाही, हमाल नाहीत. कोणासाठी चावायचं?"

"नोकरी जाईल."

"जाईल."

"पगार जाईल."

"पगाराचं जाऊ दे. त्याचं काय येतं ते मी रोज मंडईत बघते." तिने पुन्हा सुरी उचलली. "तुझी तू बघ. आईला ऑलिव्हचं सांगितलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस."

एवेन्सिओ डब्यासमोर बसला. एक पात त्याने दोन बोटांत धरलीही. मग सोडून दिली.

शुक्रवारी गिरणीच्या कचेरीत, जिथे पूर्वी सिसिलीची पेटी होती तिथे, टेबलावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर एक भरलेले ताट ठेवले होते. कर्नल पिरेला उभे होते, कॉम्रेड युराइमा बसल्या होत्या. एवेन्सिओने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, त्यात जिभेची स्वच्छता हा हेतू नव्हता. त्याने पहिला चमचा घेतला, डोळे मिटले.

"लसूण लागतो का?" कर्नलांनी विचारले.

"घाईत सांगता येणार नाही," एवेन्सिओ म्हणाला आणि दुसरा चमचा घेतला.

तांदूळ उत्तम होता. नवा होता, जरा चिकट, आणि शिजवणाऱ्याने पाणी मोजून घातले होते. तीन महिन्यांनी त्याच्या तोंडात भात आला होता. तो सावकाश चावत होता, आणि प्रत्येक घासाबरोबर आपल्याला फक्त तांदूळ लागतो आहे याची त्याची खात्री वाढत होती.

"आता?"

"मधल्या भागाची चव वेगळी असते, कर्नलसाहेब." तिसरा, चौथा, पाचवा.

"कॉम्रेड, अर्धं ताट झालं," युराइमा म्हणाल्या.

"अर्ध्यावर निर्णय देणं नियमात बसत नाही."

"कुठल्या नियमात?"

त्याने तोंड भरलेले असल्याचे हाताने दाखवले. शेवटची शिते त्याने चमच्याच्या कडेने गोळा केली, रुमालाला तोंड पुसले, आणि उठून उभा राहिला.

"तांदूळ आहे," तो म्हणाला. "चांगला आहे. दुसरं काही नाही."

कर्नल पिरेला घोड्यांच्या अनुभवामुळे लगेच रागावले नाहीत. "पुन्हा चाखा," ते म्हणाले.

"संपलाय," एवेन्सिओ म्हणाला.

त्याला बडतर्फ करण्यात एक पेच होता. बडतर्फीचे कारण लिहावे लागले असते, आणि कारण लिहिले तर सरकारच्या तांदळात लसूण नाही हे सरकारनेच लिहिल्यासारखे झाले असते. कॉम्रेड युराइमांना मार्ग सापडला. तांदूळ निर्दोष असेल तर दोष जिभेत असला पाहिजे. एवेन्सिओला वैद्यकीय मंडळापुढे पाठवण्यात आले.

मंडळ म्हणजे एक डॉक्टर आणि एक शिपाई. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीवर 'साखर' आणि दुसरीवर 'मीठ' अशी चिठ्ठी होती. डॉक्टरने पहिल्या बाटलीतले थेंब त्याच्या जिभेवर सोडले.

"काय लागतं?"

"पाणी."

डॉक्टरने दुसऱ्या बाटलीतले थेंब सोडले. "आणि हे?"

"हेही पाणी. नळाचं आहे."

डॉक्टर वयाने त्याच्याहून बराच लहान होता, पण चेहऱ्यावरून थकलेला दिसत होता. "साखर जानेवारीत संपली, काका," तो हळूच म्हणाला. "मीठ त्याच्याही आधी. पण चिठ्ठ्या बदलायचा मला अधिकार नाही. तुम्हाला साखर कळत नाही आणि मीठ कळत नाही, असंच मला लिहावं लागणार."

"लिहा."

"वाईट वाटून घेऊ नका. आज सकाळपासून तुम्ही सहावे. पाचजणांना गोड लागलं."

अशा रीतीने एवेन्सिओ मॉन्काडा, गालात लसूण धरून चाखत होता तोवर कार्यक्षम होता, आणि ज्या दिवशी जिभेला जे लागले ते बोलला त्या दिवसापासून, सही-शिक्क्यानिशी, चव घेण्यास कायमचा असमर्थ ठरला. त्याच्या जागी दुसरा परीक्षक नेमावा लागला नाही. त्याच महिन्यात नियम सुधारण्यात आला: ज्या पिशवीवर लसणाचे चित्र आहे, तो तांदूळ स्वादयुक्त समजावा. 'विजयी लोंबी'च्या पिशवीवर दोन गड्डे छापले, म्हणजे कोणाला शंका राहू नये. डॉन रुज्जेरोंनी गोदामात एकच टांगला होता.

निरोप म्हणून कर्नलांनी त्याला त्यातली एक पिशवी दिली. माणूस दुष्ट नव्हता. फक्त पागेतून आला होता. एवेन्सिओने ती खांद्यावर टाकून घरी आणली. आउरिस्तेलाने पिशवीवरचे गड्डे उलटसुलट करून पाहिले, तांदूळ सवयीने तीन पाण्यांनी धुतला, मग आपण काय धुतो आहोत हे लक्षात येऊन पाणी फेकता फेकता हसली. भात शिजत आला तेव्हा तिने डब्यातली लसणाची पात, मुळाला हात न लावता, वरून कातरून त्यात घातली आणि झाकण ठेवले.

दोघे जेवायला बसले. एवेन्सिओने घास घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"काय, लागतं का काही?" आउरिस्तेला म्हणाली.

"मला काय विचारतेस? मी असमर्थ आहे. शिक्का आहे माझ्याकडे."

"शिक्का ठेव खिशात. मी विचारतेय."

एवेन्सिओने रस्त्याकडे पाहिले. समोरच्या घराच्या पायरीवर शेजारची दोन माणसे वारा घेत बसली होती.

"आधी खिडकी लावून घे," तो म्हणाला.

तिने खिडकी लावली.

"लसूण लागतो," तो म्हणाला, आणि ताट पुढे केले.